मेजरला येणारे शब्द

नंदाखाल,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्टॅनी,

इतके महिने लिहिलं नाही याबद्दल माफ कर. फोनवर तू माझा नंबर बंद केलास तेव्हा मीही ठरवलं होतं की आपण होऊन बोलायचं नाही, आणि ठरवलेलं पाळण्यात मी पहिल्यापासून हट्टी. आयर्लंडचा हा पत्ता मम्मीकडून घेतला. कशाला हवा ते तिने विचारलं नाही. पत्ता सांगून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसली.

मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. मेजरला तू कोणकोणते शब्द शिकवलेस ते कळव. सगळे. गमतीत शिकवलेले असतील तेही.

मेजर एका मुलीला चावला.

गुरुवारी सकाळी, मी शाळेला निघायच्या आधी. मुलीचं नाव अक्षदा. जूचंद्रची. पोलीस भरतीची तयारी करते आहे. जूचंद्रला आता जिकडे तिकडे इमारती उभ्या राहताहेत, डंपरच्या रस्त्यावर पळणार कशी, म्हणून निर्मळला मावशीकडे येऊन राहिली आहे. रोज पहाटे आपल्या फाटकावरून पळत जायची. मी तिला कितीदा पाहिलं होतं, पण नाव-गाव कधी विचारलं नाही. त्या दिवशी ती पाण्याची बाटली घरी विसरली होती. फाटकाची कडी काढून आत आली आणि बावखलाच्या काठावरच्या नळाकडे हात करून म्हणाली, "आंटी, थोडं पाणी घेऊ?"

मी ओट्यावर सुकेळीसाठी सोललेली केळी चटयांवर पसरत होते. यंदा राजेळीचे घड चांगले लागले आहेत. मेजर केळीखाली मोकळाच होता. तो उठून उभा राहिला, मान खाली घातली आणि गुरगुरला. मी ओरडले, "मेजर, बस. बस." तो बसला नाही. सरळ धावत गेला आणि तिची डावी पोटरी धरली.

जाताना तू काय म्हणाला होतास ते आठव. मेजर शब्दाबाहेर नाही, म्हणाला होतास. तर तो शब्दाबाहेर आहे, स्टॅनी, हे तुला माहीत असायला हवं होतं.

मी जखम नळाखाली साबणाने धुतली. पुष्कळ वेळ धुतली, ती रडत होती तरी सोडलं नाही. मग स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने विचारलं, "कुत्रा कोणाचा?" मी म्हणाले, माझ्या भावाचा. डॉक्टरांनी विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग मुलीची मावशी आली, प्रेमलता म्हणून, पदर खोचून, तिने सगळ्यांच्या देखत विचारलं, "कुत्रा कोनाचा?" मी तिसऱ्यांदा म्हणाले, भावाचा. शुभवर्तमानातल्या त्या शिष्यासारखं तीनदा नाकारून झालं, आरवायला जवळपास कोंबडा नव्हता म्हणून बरं.

पण मी खोटं कुठे बोलले? तू जायच्या आदल्या दिवशी भरल्या घरात मी तुला म्हणाले होते की तू सगळंच माझ्या दारात सोडून जातोस. त्यावर तूच म्हणालास, "कुत्रा माझा आहे, मी त्याला घेऊन जाईन." पुढे काही बोलायला मला जागा ठेवली नाहीस. मग माझा तो कसा? मी फक्त त्याला भाकरी घालते.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. कुत्र्याची यंदाची लस झाली आहे का. मी म्हणाले, झाली असेल.

मुलीला जखमेत आणि दंडात अशी इंजेक्शनं दिली. पुढची ठरलेल्या दिवशी घ्यायची आहेत. मेजर साखळीला आहे. मम्मी ठीक. शब्दांचं लवकर कळव.

पॉलिन


नंदाखाल,
गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रिय स्टॅनी,

पहिलं पत्र अजून विमानातही बसलं नसेल आणि मी दुसरं लिहिते आहे. पहिल्यात काही गोष्टी मी सोयीने लिहिल्या.

आधी लसीचं. "झाली असेल" म्हणाले तेव्हाच मला पक्कं ठाऊक होतं की झालेली नाही. तू गेल्यापासून मी त्याला नेलेलंच नाही. मनात दरवेळी हेच यायचं की त्याचा कुत्रा, त्याने आठवण करायला हवी. पण तू आठवण करणार कशी, फोन तर बंद. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, आम्ही "असेल" धरून चालत नाही, पूर्ण उपचारच सुरू केले आहेत. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मेजरला दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं आहे. खातो-पितो का, वागण्यात काही फरक पडतो का, हे पाहायचं. प्रेमलताबाई रोज संध्याकाळी निर्मळहून स्कूटरवर येतात, इंजिन बंद न करता फाटकाबाहेरूनच विचारतात, "जिता हाय ना?" मी म्हणते, आहे. "खाल्लान?" खाल्लं. "पानी?" पाणीही प्याला. मग निघून जातात. त्या जनावराच्या तब्येतीची इतक्या काळजीने चौकशी आपल्या घरातल्या कुणी कधी केली नव्हती.

आता मुख्य.

परवा शाळेतून आले तर मेजर साखळीला ओढ देऊन केकाटत होता. त्याच्यापुढे मम्मीने दुपारी टाकलेला पाव तसाच. चार बोटांवर पाव आणि हा त्याच्याकडे टक लावून लाळ गाळतो आहे, पण तोंड लावत नाही. मी म्हणाले, खा. नाही खाल्ला. घे म्हणाले. नाही. एरवी मी "बस" म्हणत थाळी ठेवून आत निघून जाते, मागे काय होतं ते पाहत नाही. त्याचं केकाटणं काही थांबेना. डोकं उठलं म्हणून मी कंटाळून म्हणाले, "अरे बस झालं आता."

"बस" म्हणताक्षणी त्याने पावावर झेप घेतली.

मी दुसरा पाव आणला. ठेवला. तो थांबला. मी हळूच म्हणाले, बस. पुन्हा झेप.

स्टॅनी, मी ओट्याच्या पायरीवर बसून राहिले. तू त्याला लहान असताना असाच ताटकळत ठेवायचास ना? भाकरी पुढे, तुझं बोट वर, आणि तो थरथरतोय. मग तू म्हणायचास, "बस", म्हणजे पुरे, आता सुट. हे मी माझ्या डोळ्यांनी रोज पाहिलेलं आहे. खाली बसायला तू त्याला "सिट" म्हणायचास. त्यावर मी तुझी टर उडवायचे की नंदाखालच्या कुत्र्याला इंग्रजी कशाला हवं. तू गेल्यावर मी त्याच्याशी मराठीत बोलायला लागले. अभिमानाने. तो बसला नाही की मला वाटायचं, मठ्ठ आहे.

शाळेत मी मराठी शिकवते. एका शब्दाचे दोन अर्थ, वाक्यात उपयोग करा. दरवर्षी हा प्रश्न मी काढते.

म्हणजे तो शब्दाबाहेर गेला नव्हता. गुरगुरत उभा होता, काय करू म्हणून माझ्याकडे कान लावून असेल, आणि मी त्याला सांगितलं, सुट. दोनदा सांगितलं.

हे मम्मीला सांगितलं. ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस, कुणाला कळणार आहे. शेजारपाजारचे तर आताच म्हणताहेत की परक्या पोरीने कडी काढून आत यायचं कशाला. मला कुणी दोष देत नाही. दोष तिच्या आणि मेजरच्या नावावर जाऊन बसला आहे, मी हललेही नाही.

"सिट" म्हटलं की शांत असेल तेव्हा तो बसतो, हे करून पाहिलं. पण एकदा सुटला की "सिट"चा उपयोग नाही. ओढ घेतल्यावर कशानेच थांबत नाही. मी "थांब" म्हणाले, "स्टॉप" म्हणाले, "नो" म्हणाले. तेव्हा मला सगळे शब्द नकोत, एवढं एकच सांग. सुटल्यावर त्याला थांबवायचं कसं? तू काहीतरी शिकवलं असणारच. वाडीत कोंबड्यांच्या मागे लागला की तू त्याला लांबून थांबवायचास, ते मला आठवतं. काय म्हणून थांबवायचास ते आठवत नाही. मी घरात असायचे.

पॉलिन


नंदाखाल,
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय स्टॅनी,

मेजर ठणठणीत आहे. दहा दिवस उलटून गेले. शेवटच्या दिवशी प्रेमलताबाईंनी पहिल्यांदा स्कूटरचं इंजिन बंद केलं, फाटकाच्या फटीतून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मेला गुबगुबीत झालाय." आवाजात थोडी निराशा होती, थोडी सुटका. तो धोका टळला म्हणून मी देवाचे आभार मानले. मम्मीने मेणबत्ती लावली.

पण त्याच दिवशी त्या आणखी एक बोलल्या. पोरगी पळत नाही. जखम भरत आली आहे, डॉक्टरांनी हळूहळू पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं आहे, भरतीची मैदानी परीक्षा कधीही लागेल, आणि ती पहाटे उठून बूट घालते, पायरीवर बसते, उजाडलं की बूट काढते. रस्त्यात लांबवर कुत्रा भुंकला तरी घरात येते. त्या म्हणाल्या, "तिच्या आईला काय तोंड दाखवू? लांब उडी, गोळा सगळं येतंय तिला. आता पलायचंच राहिलं."

मी त्यांच्याच मागोमाग निर्मळला गेले. सांगायला. वाटेत दोनदा स्कूटर थांबवली. एकदा खरोखरच मागे वळवली आणि पुन्हा वळवली. माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते लिहिते, कारण ते चांगलं नव्हतं. मी विचार करत होते की हे सांगणं तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी. सांगून मला हलकं वाटेल आणि तिला आणखी एक ओझं होईल, असं असेल तर गप्प बसणंच बरं नाही का. हा युक्तिवाद मला फार आवडायला लागला, तेव्हा मी गाडी पुढे काढली.

अक्षदा पायरीवर लसूण सोलत बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली. म्हणाली, "आंटी, मिस्टेक माझीच आहे. मी नळाकडे हात केला ना, त्याला वाटलं मी मारते. आणि मी पळाले पण. पळायला नको पाहिजे होतं, सगळे तेच बोलतात. आता रस्त्यावर कुठला पण कुत्रा बघितला की वाटतं, आपण काहीतरी चुकीचं करणार आणि तो येणार. काय चुकीचं ते माहीतच नाही."

मग मी सांगितलं. "बस"चे दोन अर्थ, पाव, तुझं वर केलेलं बोट, सगळं. सांगताना मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलत होते, हे मला ऐकू येत होतं. तुझ्या हाताने काही झालं नाही, म्हणाले. तू पळालीस म्हणूनही नाही. तो तसाच उभा राहिला असता. मी त्याला सोडलं.

तिच्या हातातली पाकळी तशीच. मग म्हणाली, "म्हणजे आंटी, तुम्ही मला वाचवायला गेलात आणि माझ्यावर कुत्रा सोडलात?"

मी हो म्हणाले.

ती हसायला लागली. मला ते हसणं आधी समजलंच नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "पोलिसात लागले ना, पहिली केस तुमच्यावर."

प्रेमलताबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सगळं दारातून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, मग कुत्रा कोनाचा ते तरी आता ठरलं का. मी म्हणाले, कागदावर भावाचा. त्या म्हणाल्या, "वा. कागुद त्याचा, दार तुमचं, शब्द तुमच्या तोंडातला. आनी पाय आमच्या पोरीचा." मी सॉरी म्हणाले तर त्या म्हणाल्या, सॉरी घरी ठेवा, तिला पलवा. मी कशी पळवणार, मी सेहेचाळीस वर्षांची बाई. "मग सायकल येते ना?" त्यांनी विचारलं.

सायकल येते. तुला आठवते का, माझी कॉलेजची हिरवी? केळीच्या वखारीत पडली होती. चेन बदलली, सीटला जुना टॉवेल बांधला. बुधवारपासून रोज पहाटे निर्मळला जाते. अक्षदा पळते आणि मी तिच्या उजव्या हाताला, रस्त्याच्या बाजूने, सायकलवर. हँडलला आडवी काठी. कुत्रा दिसला की मी मध्ये येते. पहिल्या दिवशी देवळापासून तळ्यापर्यंतही झालं नाही. एक म्हातारं, खरूज झालेलं कुत्रं नुसतं उठून बसलं तर तिने माझी सायकलच धरली आणि दोघी पडलो. गुडघा माझा सोलला. ती म्हणाली, "फिट्टंफाट." दुसऱ्या दिवशी तळं ओलांडलं. काल ती थांबली नाही, फक्त हळू झाली.

कुणाला आम्ही कशा दिसत असू देव जाणे. आमच्या शाळेतल्या दोन मुलांनी फुलांच्या टोपल्या घेऊन जाताना पाहिलं आणि मोठ्या आदराने "गुड मॉर्निंग मिस" म्हणून पुढे जाऊन पोट धरून हसली.

पण एक रस्ता ती अजून घेत नाही. नंदाखालचा. आपल्या फाटकावरून जाणारा. तो आला की आधीच्या फाट्यालाच म्हणते, "आज इथूनच वळू या ना, आंटी." मी वळते. तिचा खरा रस्ता तोच होता, सरळ, सावलीचा, खड्डे नसलेला. तो मी तिच्याकडून काढून घेतला आहे. बाकी रस्त्यांवर मी काठी घेऊन तिच्याबरोबर जाईन, पण माझ्याच दारावरून मी तिला काय म्हणून नेऊ? मेजर आत असतो, साखळीला असतो, हे तिला माहीत आहे. तिला साखळीचा भरवसा वाटत नाही. साखळी तुटली तर काय, असं तिने एकदाच विचारलं. त्याला काय सांगितलं तर तो थांबेल?

मला ते माहीत नाही. तुला माहीत आहे.

तुझं उत्तर येत नाही. पत्रं पोचली नसतील, असं मी धरून चालते. पोचली असतील आणि तू उत्तर देत नसशील, तर रागाने माझ्याशी बोलू नकोस, पण त्या पोरीसाठी एक शब्द पाठव.

पॉलिन


नंदाखाल,
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय स्टॅनी,

आता तू फोन उघडला आहेस तरी मी पत्रच लिहिते. फोनवर मी आवाज सांभाळून बोलते.

तुझा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. इतक्या महिन्यांनी तुझं नाव पडद्यावर आलं आणि खाली एवढंच: "थांबवायचा शब्द पॉलिन." मी पुढे काही येईल म्हणून वाट पाहिली. मला वाटलं, पॉलिनच्या पुढे स्वल्पविराम राहिला आहे आणि शब्द यायचा आहे. मग दुसरा निरोप आला: "खरंच."

मला राग आला, तो तुला सांगते. पूर्ण दुपार राग होता. वाटलं, इतक्या दिवसांनी बोलतो आहे तेही टोमणा मारायला. मग हळूहळू आठवलं. चिकूचं झाड. तुम्ही सगळी वर चढून कच्चे चिकू पाडायचात, एकाला खाली पहाऱ्याला उभं करायचात, आणि मी लांबून दिसले की तो नुसतं "पॉलिन" म्हणायचा. मग सगळे जागच्या जागी. हात वर असेल तर वरच. मी झाडाखाली येईपर्यंत पानही हलायचं नाही. मला तेव्हा वाटायचं, या वाडीत किती शांतता असते.

कुत्र्यालाही तू तेच शिकवलंस.

संध्याकाळी करून पाहिलं. मेजरला लांब दोरीला बांधलं, पाव लांब ठेवला, "बस" म्हणाले. तो सुटला. आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. स्वतःलाच नावाने मोठ्याने हाक मारावी लागते असा प्रसंग माणसावर येतच नाही, करून पाहा. तोवर त्याने पाव खाल्लाही. दुसऱ्या खेपेला मी डोळे मिटून ओरडले, "पॉलिन!" आतून मम्मी म्हणाली, "काय झालं गं, स्वतःलाच काय हाका मारतेस?" डोळे उघडले तर मेजर पावापासून हातभर अंतरावर, एक पाय वर, तसाच थांबलेला. पावाकडे बघत नव्हता. फाटकाकडे बघत होता. तुला शोधत होता, स्टॅनी. शब्द ऐकू आला म्हणजे तू आला असणार, असं त्याला वाटलं.

मम्मी दारात आली. तिला सांगितलं की हा शब्द तू दिलास. तिने विचारलं, त्याने स्वतः पाठवला? मी फोन दाखवला. तिने ते दोन निरोप इतका वेळ वाचले की जणू चार पानांचं पत्र होतं.

नंतर अनेक दिवस रोज सराव केला, पाव बदलून, अंतर बदलून, कोंबड्या मोकळ्या असताना. एकदाही चुकला नाही. तू म्हणाला होतास ते खरं होतं. तो शब्दाबाहेर नाही.

मग अक्षदाला विचारलं. येतेस का. दोन दिवस ती फाट्यालाच वळत राहिली. तिसऱ्या दिवशी फाट्यापाशी मी नेहमीसारखी वळायला लागले तर ती म्हणाली, "सरळ."

प्रेमलताबाईंना फोन करून बोलावलं आणि मी आधी आत गेले. फाटक बंद, आत मेजर लांब दोरीला, दोरी माझ्या हाताला गुंडाळलेली. ती फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. प्रेमलताबाई स्कूटरवर, इंजिन चालू. तिला पाहून मेजर उठला. गुरगुरला. मग दोरी ताणून फाटकाकडे निघाला. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की हाक तू मारायची, मी नाही. मी मारली तर तो माझ्यासाठी थांबेल, तुझ्यासाठी नाही.

ती म्हणाली, "पॉलिन आंटी."

इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. मेजर पुढे.

"मोठ्याने," मी म्हणाले. "आणि आंटी नको."

"नावाने कशी हाक मारू?" ती म्हणाली. खरंच अवघडली होती. कुत्रा चार पावलांवर आणि हिला माझ्या मानाची काळजी.

मागून प्रेमलताबाई ओरडल्या, "मार गं, तुझा पाय फाडलाय तिनं, नावानं मारली हाक तर काय बिघडतं?"

तेव्हा अक्षदाने श्वास घेतला आणि पोलिसासारखी हाक मारली. "पॉलिन!"

मेजर जागच्या जागी थांबला. पाय वर, कान उभे. मी दोरी सैल सोडली. तो हलला नाही. प्रेमलताबाईंनी इंजिन बंद केलं होतं, कधी ते कळलं नाही. मग अक्षदा अगदी हळू आवाजात, राहिलेलं देऊन टाकावं तशी म्हणाली, "आंटी."

मग तिने मला पुन्हा "बस" म्हणायला लावलं आणि स्वतः हाक मारली. पाच-सहा वेळा. शेवटी शेवटी तर तिला मजा यायला लागली. वाडीभर माझ्या नावाचा गजर. शेवटच्या खेपेला तिने "सिट" म्हटलं, तो बसला, आणि ती फाटकाच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. हात आत घातला नाही. मी सुचवलंही नाही. तिथून वळून ती पळत गेली, सरळ, सावलीच्या रस्त्याने. मी सायकल काढायला गेले तर प्रेमलताबाई म्हणाल्या, राहू द्या, आज एकटी जाऊ दे. आम्ही दोघी फाटकात उभ्या राहून ती वळणापर्यंत दिसत होती तोवर बघत राहिलो. वळणावर एक काळं कुत्रं तिच्या बाजूने भुंकत निघालं. ती हळू झाली. थांबली नाही. त्याच्याकडे हात करून काहीतरी ओरडली. काय ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण मला शंका आहे. तिला सांगायला हवं की ते फक्त मेजरलाच चालतं.

प्रेमलताबाईंना मी सुकेळी दिली. त्यांनी घेतली. घेताना पुन्हा विचारलं, कुत्रा कोनाचा ते ठरलं का. या वेळी मी लगेच सांगितलं.

मेजरची लस परवा करून आणली. तिथे मालकाचं नाव विचारलं, मी माझं लिहायला सांगितलं. महापालिकेच्या परवान्यावरही आता तेच घालून घेणार आहे. तुझी हरकत असेल तर कळव. हरकत घ्यायची तर फोन करावा लागेल, आणि मम्मी फोनजवळच बसलेली असते.

तू काल विचारलंस, पोरगी कशी आहे. बरी आहे. मैदानी परीक्षेची तारीख अजून लागलेली नाही. शेवटचं इंजेक्शन झालं. पोटरीवर खूण राहील. ती म्हणते, खाकी पँटमध्ये दिसणार नाही. मला दिसत राहील, आणि ते ठीक आहे.

आणखी एक. फाटकावरची जुनी पाटी तुला आठवत असेल, "कुत्र्यापासून सावध राहा" वाली, पपांच्या वेळची. अर्धी गंजून गेली आहे. मी ती घासत होते तर अक्षदा म्हणाली, "आंटी, सावध राहा म्हणजे काय करायचं ते कुणाला समजत नाही. शब्दच लिहून टाका ना. ज्याला आत यायचंय त्याला कामाला येईल." मी म्हणाले, सगळ्या गावाला सांगायचं? ती म्हणाली, "तुमचंच नाव आहे. कोणाचं चोरलंय का?"

पपा झोपायच्या आधी उद्याचं एकच काम लिहून ठेवायचे, तुला माहीत आहे. ती सवय मी सोडलेली नाही.

उद्या: पाटी रंगवणे. "आत कुत्रा आहे. फाटक उघडण्याआधी मोठ्याने हाक मारा: पॉलिन."